झाकण किती घट्ट लावायचं

रात्री पावणेतीनला स्वयंपाकघरातून असा आवाज आला की नवऱ्याला वाटलं, नारळ पडला. आमच्या मागच्या पडवीवर पत्रे आहेत, मे महिन्यात त्यावर आठवड्याला एखादा नारळ आदळतोच, त्यामुळे तो कूस बदलून परत घोरायला लागला. मला मात्र आवाजाच्या मागून आलेली किणकिण ऐकू आली होती. नारळ पडल्यावर किणकिण होत नाही.

दिवा लावला तर ओट्यावर काच, भिंतीवर चिकट ओघळ, कांद्याच्या टोपलीत काच, मिक्सरच्या भांड्यात काच. अननसाच्या साली, आलं आणि गूळ घालून केलेलं पेय मी दोन दिवसांपूर्वी गाळून एका लिटरच्या चौकोनी बाटलीत भरलं होतं. दिसायला फार सुरेख बाटली. जाड काच, तारेचा चाप, चिनी मातीचं पांढरं बुच आणि त्याला तांबडी रबरी चकती. ऑनलाइन घेतली होती, चित्र बघून. आता तिचं अंग कुठेच नव्हतं, पण मान शाबूत होती. ओट्याच्या कडेला आडवी पडलेली ती मान, चाप तसाच आवळलेला, बुच जागच्या जागी. झाकणानं आपलं काम अगदी चोख केलं होतं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "फुटली मगो?"

त्यात प्रश्न नव्हता. दोन दिवसांपूर्वी मी चाप लावत असताना त्या बाजूला नारळ खवत बसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या की वाऱ्याला भायर वचूंक वाट जाय. वारा बाहेर जायला वाट हवी. मी हसून सोडून दिलं होतं. म्हटलं, जाड काच आहे, कशाला फुटतेय.

काच वेचायची त्यांची पद्धत त्या रात्री शिकले. मोठे तुकडे उचलून झाले की शिळा उंडो, म्हणजे आमचा गोल पाव, पाण्यात भिजवून पिळायचा आणि त्या मऊ गोळ्यानं लादी टिपत जायचं. डोळ्यांना न दिसणारे कण त्यात रुतून बसतात. पहाटे चारपर्यंत आम्ही दोघी पावानं लादी पुसत होतो, आणि नंतर कितीतरी दिवस मी स्वयंपाकघरात चपला घालून वावरत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टीच होती. चहा घेत हिशेब मांडला आणि मांडल्यावर लाज वाटली. साखर यीस्टनं खाल्ली की तिच्या वजनाचा साधारण अर्धा भाग अल्कोहोल होतो आणि अर्धा कार्बन डायऑक्साइड. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आपल्याकडच्या हवेत अर्ध्या लिटरहून थोडी जास्त जागा घेतो. मी लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम गूळ घातला होता, वर अननसाची साखर वेगळी. ते सगळं आंबलं असतं तर पंचवीस लिटर वायू झाला असता. पंचवीस लिटर, आणि बाटली एक लिटरची! बियरच्या बाटलीत द्रवाच्या अडीच पट वायू असतो, त्याला लिटरमागे दहाएक ग्रॅम साखर पुरते. म्हणजे मी जे भरून चाप लावला होता त्यातली जेमतेम दहावा-पंधरावा हिस्सा साखर संपताच काम तमाम झालं होतं. त्यात मे महिना. थंड देशात जे पेय आठवडाभर बाटलीत रेंगाळतं ते गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या उकाड्यात दीड-दोन दिवसांत तयार होतं, आणि तिसऱ्या दिवशी बॉम्ब होतं.

आणि चौकोनी बाटली. हे तर मला आधीच सुचायला हवं होतं, कारण लहानपणी गोटी सोडा मीही प्यायलेय. ती बाटली हिरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ साली पेटंट केलेली. जाड, गोल, मानेत काचेची गोटी, आणि आतला वायूच त्या गोटीला वर दाबून तोंड बंद करतो. गोल असण्याला कारण आहे. गोल भिंतीवर दाबाचा ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. चौकोनी बाटलीत तो कोपऱ्यांवर आणि सपाट बाजूंवर साठतो. चौकोनी बाटल्या तेलाला, सरबताला, फार तर शोभेला. हे विकणाऱ्यानं बाटलीवर लिहायला नको होतं का? नको असावं. त्यानं बाटली विकली होती, आंबवायचा सल्ला दिला नव्हता.

त्या सकाळपासून घरात काच की प्लास्टिक हा विषय सुरू झाला तो अजून संपलेला नाही.

आमच्याकडे आंबवण्यासारखं पुष्कळ येतं आणि थोडं थोडं येतं. परसात बिमलांचं, म्हणजे आंबट बिलिंबीचं, झाड आहे, ते फळतं तेव्हा खोडापासून फांदीपर्यंत फळांनी भरून जातं. कुळागरातून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतून, अननस येतात. गावठी मिरच्या येतात. पूर्वीसारखी पंधरा माणसं घरात नाहीत, तेव्हा एका वेळी लिटर-दीड लिटरचं काहीतरी करून ठेवावं, संपलं की दुसरं, असं माझं चालतं. सासूबाईंना हा खेळ वाटतो. त्यांच्या लेखी बरणी म्हणजे पंधरा शेरांची, दोन बायकांनी मिळून उचलायची.

मी प्लास्टिककडे वळले ती त्या फुटलेल्या काचेच्या धाकानं. बिस्किटांची किंवा लाडवांची जी पारदर्शक बरणी असते, लाल झाकणाची, जी प्रत्येक घरात डाळींना लावलेली असते, ती घेतली. अर्धा किलो मिरच्या, लसणाच्या दोन कांद्या, मीठ सगळ्याच्या वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे तेरा-चौदा ग्रॅम, पाण्याचंही वजन त्यात धरून थोडं वाढवलं. मिरच्या पाण्याखाली बुडून राहाव्यात म्हणून वर बशी. झाकण अर्धा आटा सैल. पाच दिवसांत पाणी गढूळ झालं, मिरच्यांचा रंग उतरून शेवाळी झाला, आणि वास असा की पेजेबरोबर नुसती मिरची खावी. हे खरंच उत्तम झालं होतं. फुटायची भीती नाही, पडलं तर तडकायची नाही, उचलायला हलकं. मी सासूबाईंसमोर बरणी नाचवली.

त्यांनी बरणीच्या अंगाला नाक लावलं. बाहेरून. "प्लास्टिकाचो वास येता," म्हणाल्या.

मला येत नव्हता. पण मिरच्या संपल्यावर तीच बरणी धुतली, सोड्यानं धुतली, लिंबाची साल चोळली, दोन दिवस उन्हात उपडी घातली आणि तिच्यात भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलं आणि साखर मुरायला टाकली. पंधरा दिवसांनी घरी पाहुणे आले, सरबत केलं. पहिला घोट घेऊन नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. लालभडक, थंड, सुंदर सरबत, आणि मागून लसूण. पाहुणे बिचारे वेगळी चव आहे म्हणाले.

प्लास्टिक विसरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. लसणातली, मसाल्यातली जी वासाची द्रव्यं असतात ती तेलाशी सलगी करणारी, आणि प्लास्टिकही मुळात तेलाच्याच गोतावळ्यातलं. ती भिंतीत शिरून बसतात आणि सवडीनं बाहेर येतात. हळदीचा पिवळा डाग जातो का कधी? तसंच. शिवाय मी ती बरणी तारेच्या घासणीनं घासली होती. उन्हात धरून पाहिलं तर आतून बारीक बारीक ओरखड्यांची जाळी. आपल्याला ती जाळी वाटते, जंतूंना ती चाळ वाटत असावी. एकेका खोलीत बिऱ्हाड. काचेवर ओरखडा पडायला फार मेहनत लागते.

आता लोक विचारतात ते विषाचं. प्लास्टिकमधून काय काय उतरतं म्हणे. याबाबत मी दोन्ही बाजूंच्या आरडाओरड्यापासून दूर आहे. बरणीच्या बुडाला त्रिकोणात जो आकडा असतो तो प्लास्टिकची जात सांगतो, खाण्याला योग्य की नाही ते सांगत नाही. त्यासाठी पेला-काट्याचं चित्र किंवा 'फूड ग्रेड' शब्द शोधावा लागतो. १ म्हणजे पेट, पाण्याच्या नि सरबताच्या बाटल्या. २ म्हणजे जाड दुधट प्लास्टिक, कॅन आणि बादल्यांचं. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, डबे आणि झाकणं. हे तिन्ही, खाण्यासाठीच बनवलेले असतील आणि नवे असतील, तर चार-पाच दिवसांच्या मीठ-पाण्याला मी भीत नाही. आपल्याकडच्या मानकांत प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण घटकांवर किलोला ६० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे आणि त्यासाठी आम्लात, तेलात, अल्कोहोलमध्ये ठेवून चाचण्या होतात. पण रंगाच्या बादल्या, जुने आइस्क्रीमचे डबे, मुळात कशाचे होते ते माहीत नसलेले कॅन, यांत मी काही घालणार नाही. वीस लिटरचे कठीण निळे पाण्याचे जार पुष्कळदा पॉलिकार्बोनेटचे असतात, ते बनवायला बीपीए नावाचं रसायन लागतं, त्यांतही नाही. आणि उकळतं पाणी पेटच्या बाटलीत ओतायचं नाही, ती सत्तर-ऐंशी अंशांना मऊ पडून वाकडी होते. काचेत उकळतं ओतलं तर? साधी काच थंड असली तर तडकते. तेही करून झालेलं आहे.

शाळेत मी पाचवी-सहावीला मराठी शिकवते. घरात आम्ही कोंकणी बोलतो, लिहायला बसलं की मराठी. गोव्यात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. एकदा वर्गात क्रियापदं घेत होते आणि फळ्यावर लिहिता लिहिता थांबले. आंबणे. मुरणे. नासणे. फसफसणे. खारवणे. मुलं वाट बघत होती आणि मी फळ्याकडे बघत होते. इंग्रजीतल्या माहितीत यातल्या पुष्कळशा गोष्टींना 'फर्मेंटेशन' हा एकच शब्द वापरतात, आणि म्हणून भांड्याचाही प्रश्न एकच होऊन बसतो, काच की प्लास्टिक. आपल्याकडे इडलीचं पीठ आंबतं, लोणचं मुरतं. इडलीचं पीठ मुरलं असं कुणी म्हणत नाही. आंबण्यात कुणीतरी जिवंत काहीतरी खातंय आणि वारा सोडतंय. मुरण्यात मीठ आत चाललंय, पाणी बाहेर येतंय, आणि घाई कुणालाच नाही.

सासूबाईंची चेपणीची तोरं घ्या. एप्रिलमध्ये, बाठा धरायच्या आत उतरवलेल्या लहान कैऱ्या, देठ न मोडता. एक थर कैऱ्या, एक थर जाडं मीठ, वर नदीतला गोटा, उकळून वाळवलेला. आठ-दहा दिवसांत कैऱ्या सुरकुततात आणि स्वतःच्याच पाण्यात बुडतात. मीठ इतकं असतं की त्यात आंबणारे जीव तग धरत नाहीत. वारा सुटतच नाही म्हटलं तरी चालेल. ही मुरणारी वस्तू. ती वर्षभर राहते, आषाढात पेजेच्या ताटात एक तोर पडलं की भाजी-आमटीची गरज नाही. हिला हवं असतं ते एकच, भांड्याची भिंत. खारट आंबट पाणी वर्षभर सोसणारी, काही न देणारी, काही न घेणारी. त्यासाठी चिनी मातीची बरणी. आधी उन्हात तापवलेली, मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्याची धुरी दिलेली, आणि तोंडाला दादरा बांधलेला. दादरा हा शब्द मला फार आवडतो. नुसतं फडकं नव्हे, बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं. त्याला वेगळं नाव द्यावंसं वाटलं म्हणजे त्याच्याकडे किती लक्ष असेल.

बरणीत दिसत मात्र काही नाही. काच त्यासाठी हवी. बुडबुडे दिसतात, पाणी कधी गढुळलं ते दिसतं, वर पांढरी साय धरली की काढून टाकता येते, कुठे हिरवं-काळं केसाळ दिसलं तर सगळं फेकता येतं. नव्या माणसानं काचेतच शिकावं असं माझं मत आहे. सासूबाईंना बघावं लागत नाही, त्या बरणीजवळून जाताना वासावर सांगतात. त्यांची बरणीही अमरच आहे असं नाही. आतल्या बाजूला जिथे झिलई तडकली असेल ती बरणी लोणच्याला बाद. आणि कुठल्याशा स्वस्त रंगीत मातीच्या भांड्याच्या झिलईत शिसं असू शकतं, आम्लानं ते सुटतं. जुनी तपकिरी-पांढरी दगडी बरणी त्या मानानं भरवशाची. तिला काही घरांत मर्तबान म्हणतात, ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून. कुठून कुठून भांडी आली या किनाऱ्यावर.

काजूच्या दिवसांत एकदा वाळपईच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या भट्टीवर गेले होते. आंबवण्याविषयी जे पुस्तकांतून कळलं नाही ते तिथं अर्ध्या तासात दिसलं. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, तुडवून काढलेला रस पूर्वी मातीच्या मोठ्या भांड्यांत आंबत असे, जमिनीत अर्धी पुरलेली. आता तिथं निळे प्लास्टिकचे ड्रम. भट्टीवाल्याला विचारलं तर म्हणाला, बाई, मातीचं भांडं फुटलं तर मोसमाची कमाई गेली, आणि हल्ली तेवढं मोठं भांडं घडवणारा मिळायला हवा ना. ड्रमच्या तोंडावर झाकण नव्हतं, नुसतं गोणपाट. तीन दिवस रस खदखदतो आणि वारा सुटा निघून जातो. मग पहिल्या धारेची हुर्राक, मग पुन्हा ऊर्ध्वपातन करून फेणी. आणि फेणी कशात? काचेत. वेताच्या विणीत बसवलेल्या पोटुशा बाटल्या, गर्राफांव. पोर्तुगीज शब्द, आता आमचाच. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काजू तर मुळात ब्राझीलहून पोर्तुगीजांनी आणलेला, हेही आता कुणाला आठवावं लागत नाही.

तीन दिवसांच्या रसाला प्लास्टिक चालतं आणि तीन वर्षांच्या फेणीला काच लागते. भट्टीवाल्याला यात काही तत्त्वज्ञान दिसत नव्हतं. अल्कोहोल प्लास्टिकमधून पाण्यापेक्षा जास्त ओढून घेतं, आणि प्लास्टिकच्या भिंतीतून हवाही थोडी थोडी ये-जा करते; दिवसांच्या हिशेबात ती नगण्य, महिन्यांच्या हिशेबात नाही. तो एवढंच म्हणाला, ड्रमात ठेवली तर चव जाते.

रेंदेराच्या, म्हणजे माडाची सूर काढणाऱ्याच्या, कॅनचं झाकणही मी कधी घट्ट पाहिलेलं नाही. आमच्या वाड्यावर एकच रेंदेर उरलाय, दिवसातून तीनदा माडावर चढतो. सूर म्हणजे माडी, माडावरच आंबायला लागलेली. एकदा सान्नां, म्हणजे सूर घालून फुगवलेल्या इडल्या, करायची म्हणून मी लिटरभर सूर घेतली, दुचाकीवर सांडू नये म्हणून कॅनचं झाकण गच्च आवळलं आणि वाटेत बाजारात भाजी घेत बसले. उन्हात. परत येऊन पाहते तर कॅन फुगून गोल गोल झालेला, पायांवर उभा राहीना. झाकण सैल करायला गेले तर ते हातातून निसटून समोरच्या नारळवाल्याच्या टोपलीत, आणि सूर माझ्या साडीवर. नारळवाला मनापासून हसला. पण फुटला नाही तो कॅन. फुगला. काच असती तर तिनं फुगण्याची तसदी घेतली नसती.

तिथूनच माझी युक्ती सुचली. खरं तर जगभर घरी पेयं करणारे ती कधीपासून करतात, मला साडीवर सूर पडल्यावर सुचली एवढंच. आता आल्याचं किंवा अननसाचं पेय भरताना मी सोड्याची रिकामी प्लास्टिक बाटली घेते, जिच्या बुडाला फुलासारख्या पाच पाकळ्या असतात. त्या पाकळ्या शोभेच्या नाहीत, दाब सोसण्यासाठी आहेत. भरायची, वरची थोडी हवा दाबून काढायची आणि झाकण लावायचं. सकाळी चिमटून बघायची. मऊ लागते. संध्याकाळी चिमटायची, जरा ताठर. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या नव्या बाटलीइतकी कडक झाली की थेट फ्रिजमध्ये. काचेच्या गोल बाटल्या भरल्याच तर सोबत ही एक प्लास्टिकची भरायची, ती सगळ्यांच्या वतीनं सांगते. काच दाखवते पुष्कळ, पण दाब दाखवत नाही. तो बोटांनाच कळतो, आणि प्लास्टिकलाच चिमटा काढता येतो.

फ्रिजवरही पूर्ण विसंबू नये. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की कधी कधी रात्रभर येत नाही. थंडीत झोपलेलं यीस्ट पहाटेपर्यंत डोळे चोळत उठतं. वीज आली की पहिलं काम बाटल्या चिमटायचं.

आणि मग शेजारची आंटी, जिनं माझा हा सगळा सिद्धांत दोन मिनिटांत पुन्हा विस्कटला. ती सुरेचं विनागर करते, महिना-दीड महिना लावून. मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं की वारा बाहेर जाऊ द्यायचा, आत येऊ द्यायचा नाही. ती म्हणाली, मग तुझं विनागर कधीच होणार नाही. खरंच. सुरेतल्या अल्कोहोलचा शिर्का करणाऱ्या जीवांना हवा लागते, ती बंद केली की ते बसून राहतात. तिच्या रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यावर म्हणून नुसतं कापड असतं. चांगलं आंबट झालं की मात्र ती ते गर्राफांवात मानेपर्यंत भरते आणि बुच ठोकते, कारण तेव्हा हवा नको असते. म्हणजे मिरच्यांना वारा बाहेर हवा आणि आत नको, विनागराला आत हवा, आणि तोरांना काहीच फरक पडत नाही. तिन्हींना एकच झाकण कसं चालेल? विनागराजवळ पत्र्याचं झाकण तर अजिबात नको, ही तिची जास्तीची सूचना. आम्ल नि मीठ मिळून पत्रा खातात आणि गंज थेंबाथेंबानं खाली उतरतो. माझ्या जॅमच्या बाटल्यांची सगळी सोनेरी झाकणं आता पडवीत खिळे ठेवायला आहेत. त्यांच्या जागी पांढरी प्लास्टिकची झाकणं आली. काचेचं अंग, प्लास्टिकचं डोकं.

यंदा पाऊस लागायच्या आधी मुलाला पुण्याला चेपणीची तोरं पाठवायची होती. तो तिथं शिकायला आहे, खोलीवर पेज करून खातो म्हणतो, खरं-खोटं देव जाणे. सासूबाईंनी आंघोळ करून, कोरड्या हातानं, लाकडी डावानं बरणीतून तीसेक तोरं काढली. मी काचेची रुंद बाटली पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली आणि फडताळातून प्लास्टिकचा डबा काढला. पांढऱ्या झाकणाचा, नवा. मी बघतच राहिले.

"बशींत काच फुटतली. हें फुटना."

बस म्हणजे कदंबाची, गोव्याच्या सरकारी बससेवेची, रात्रीची, पणजीहून. बरोबरच होतं. पण मग त्यांनी झाकण इतकं आवळलं, खाली प्लास्टिकचा कागद घालून, मनगट पिळून, की मला राहवेना. म्हटलं, आई, वारा बाहेर जायला वाट?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी पाचवीतल्या मुलाकडे बघते तसं. "मुरलीं तीं. आतां कितें फुटतलें?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाचा फोन. डबा फुटला नव्हता, फुगलाही नव्हता. बस हेलकावत घाट चढली, डबा पिशवीत आडवा झाला, प्लास्टिकचा कागद आट्यांत दुमडून बसला होता आणि तिथूनच रात्रभर खार झिरपत राहिला. दोन शर्ट आणि एक वही. तोरं मात्र छान आहेत म्हणाला, आजीला सांग.

सांगितलं. त्या सोलं वाळत घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणटकीर बरणीच धाडपाक जाय आशिल्ली." म्हणजे बरणीच पाठवायला हवी होती.